दुसऱ्याच्या तोंडचे शब्द

दिवाळी अंकासाठी संपादकांचा निरोप श्रावणातच येतो, आणि "यंदा काही हलकेफुलके द्या" हे शेपूट त्याला न चुकता असते. यंदा मी त्यांची थोडी निराशा करणार आहे. जी गोष्ट सांगायची मनात आहे, तिचा शेवट एका दफनभूमीत होतो. पण ती घडली पाडव्याच्या संध्याकाळी, तेव्हा दिवाळी अंकात तिला चार पाने मागण्याचा मला थोडासा हक्क पोचतो, असे मी समजतो.

मी वसईकडच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. बी. ए. ला मराठी घेतलेल्या मुलांचे पुढे काय होते, याची चौकशी करण्याचे धैर्य आम्ही अध्यापक सहसा दाखवीत नाही. कोणी बँकेत जातो, कोणी विमा विकतो, कोणी आमच्यासारखा पुन्हा मराठीच शिकवायला लागतो. माझा एक विद्यार्थी मात्र कॅथलिक धर्मगुरू झाला. पदवीनंतर सेमिनरीतली बरीच वर्षे काढून तो परतला, तेव्हा माझ्यापुढे एक व्याकरणाचा पेच उभा राहिला. वर्गात मी त्याला 'अरे गाढवा' म्हणत असे. आता पांढऱ्या झग्यातल्या त्या गृहस्थाला काय म्हणायचे? "फादर, तू असं कर" अशी एक तडजोड शेवटी निघाली. तिच्यात व्याकरणाची चूक काढता येत नाही, पण ऐकणारा दचकतो. आमच्या सौभाग्यवतींना असले पेच पडत नाहीत. त्या सरळ "अहो फादर" म्हणतात आणि दुसऱ्यांदा चहा टाकतात.

हे फादर धर्मप्रांताच्या उपासनेचे काम पाहतात. वसईचा धर्मप्रांत मुंबईपासून १९९८ साली वेगळा झाला. त्याच्या साऱ्या धर्मग्रामांत, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या वस्त्यांत, उपासना नीट व्हावी म्हणून बिशपांच्या हाताखाली जी माणसे राबतात, त्यांतले हे एक. चर्चमध्ये फादर वेदीशी उभे राहतात आणि लोक बाकांवर बसतात, यापलीकडे तिथे तयारी करण्यासारखे काही असेल, अशी मला कल्पनाच नव्हती. नाटक पाहणाऱ्याला विंगेतली धावपळ कुठे दिसते?

एकदा त्याच्या खोलीत गेलो, तर टेबलावर एक पंचांग पसरलेले. म्हणजे पंचांगच म्हणायचे. ख्रिस्ती उपासनेचे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, ते नाताळाआधीच्या चौथ्या रविवारी सुरू होते. कुठल्या दिवशी धर्मगुरूने कुठल्या रंगाचा झगा घालायचा हे ठरलेले असते. नाताळाच्या आधी आणि उपवासकाळात जांभळा, सणांना पांढरा, हुतात्म्यांच्या दिवशी लाल, आणि एरवीच्या रविवारी आपल्या शेताचा हिरवा. रविवारची वाचने तीन वर्षांच्या फेऱ्यात लावलेली. एका वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक, आणि योहान मधूनमधून सगळ्यांच्या वाट्याला. ईस्टर कधी, तर २१ मार्चनंतरच्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार. "फादर, तुमच्यातसुद्धा तिथी पाहावी लागते की!" असे मी म्हणालो, तेव्हा तो हसून म्हणाला, "सर, चंद्र सगळ्यांचाच आहे."

ईस्टरच्या आदल्या रात्री काळोखात नवा अग्नी पेटवतात आणि त्यावर एक मोठी मेणबत्ती लावतात. तिच्यावर त्या सालाचे चार आकडे कोरलेले असतात. त्या आठवड्यात बिशप सगळ्या धर्मगुरूंच्या समक्ष तीन तेलांवर प्रार्थना करतात. एक आजाऱ्यांसाठी, एक बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्यांसाठी, आणि तिसरे सुगंध मिसळलेले. ती तेले गावोगावच्या चर्चमध्ये जातात आणि वर्षभर पुरवली जातात. तेल कुणी आणायचे, वाचायला कोण उभे राहायचे, गाणाऱ्यांची तालीम कधी, ध्वनिक्षेपक कुठे खरखरतो, उपवासकाळात हौसेने वेदीवर फुले ठेवणाऱ्या भगिनींना न दुखावता कसे थांबवायचे, ही सगळी फादरच्या डोक्याची कामे. लग्नघरातल्या मामासारखी त्याची अवस्था असते. सगळ्यांना तो हवा, आणि जेवायला शेवटी.

पण या कामाचा मोठा भाग भाषेचा आहे, हे मला फार उशिरा कळले.

आज साठीच्या आतल्या कोणाला खरे वाटणार नाही, पण तेव्हा जगभरच्या बहुतेक कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. धर्मगुरू वेदीकडे तोंड करून उभे असत. लोक आपापली जपमाळ ओढीत. मग व्हॅटिकनला जगातल्या बिशपांची दुसरी परिषद भरली, आणि ४ डिसेंबर १९६३ रोजी तिने उपासनेसंबंधीचा आपला दस्तऐवज मंजूर केला. बाजूने २,१४७ मते, विरुद्ध ४. त्या दस्तऐवजाने लोकांच्या बोलीला वेदीची वाट मोकळी करून दिली, आणि पुढे काही वर्षांत वसईच्या चर्चमध्ये मिस्सा मराठीत होऊ लागली. १९६९ साली भारतातल्या बिशपांच्या विनंतीवरून रोमने आणखी बारा गोष्टींना परवानगी दिली. मेणबत्त्यांऐवजी तेलाचे दिवे, गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून नमस्कार, आरती, अशा त्या गोष्टी.

मराठी मात्र या मंडळींना नवी नव्हती. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यात बसून 'ख्रिस्तपुराण' रचले, ते रायतूरला छापले गेले १६१६ साली. दहा हजारांहून अधिक ओव्या! ज्ञानेश्वर-एकनाथांच्या वळणाने त्याने येशूची कथा सांगितली. हा ग्रंथ मी वर्गात शिकवतो. त्यामुळे ख्रिस्ती मराठी म्हणजे काय ते आपल्याला कळते, अशी माझी पक्की समजूत होती. एखादी गोष्ट शिकवता येते म्हणजे ती कळते, हा भ्रम आमच्या धंद्यातला जुना आजार आहे.

आता मूळ गोष्ट. २०२४ सालच्या ऑक्टोबरात, सहामाही परीक्षेच्या पेपरांच्या ढिगाऱ्यात मी बसलो असताना फादर आला. त्याच्या हातात चार कागद होते.

"सर, जरा नजरेखालून घालाल का? मराठी तपासून हवंय."

२ नोव्हेंबर हा कॅथलिकांचा मृतांचा दिवस. सुमारे हजार वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या क्लूनीच्या मठाचे प्रमुख ओडिलो यांनी तो आपल्या मठांत पाळायला लावला, आणि तिथून तो सगळीकडे पसरला. वसईत त्या दिवशी घरोघरची माणसे दफनभूमीत जातात. थडगी धुऊन पुसून फुलांनी सजवतात, मेणबत्त्या लावतात. संध्याकाळी तिथेच मिस्सा. तिच्यात मध्यावर लोकांच्या वतीने काही प्रार्थना म्हटल्या जातात. एक जण एकेक विषय वाचतो आणि सगळे लोक एका ठरलेल्या ओळीने उत्तर देतात. मिस्सातले बहुतेक शब्द ठरून गेलेले असतात, पण या प्रार्थना त्या त्या गावाने त्या त्या वेळेपुरत्या लिहायच्या असतात. त्या गावच्या मंडळींनी लिहून दिल्या होत्या, त्यांचेच हे चार कागद.

मी वाचले. मला त्या फारच उघड्याबोडक्या वाटल्या. "आमचे जे लोक वारले त्यांच्यासाठी" ही काय प्रार्थना झाली? मृत्यूसारखा गंभीर विषय, आणि भाषा रेशनच्या रांगेतली! पेपरांचा ढीग बाजूला सारून रात्री बाराला मी लेखणी टेकली, तेव्हा त्या कागदावर असे वाक्य झळकत होते:

"हे करुणासागर परमपित्या, ज्यांनी आपल्या ऐहिक जीवनयात्रेची इतिश्री करून चिरंतनाच्या प्रदेशी प्रस्थान ठेवले, त्या आमच्या दिवंगत आप्तेष्टांना तुझ्या तेजोमय सान्निध्यात चिरविश्रांती लाभावी, अशी आम्ही कृतांजली होऊन तुझ्या चरणी याचना करतो."

असली एकूण पाच वाक्ये. खोटे कशाला बोलू, मी ती मोठ्याने दोनदा म्हणून पाहिली आणि मला स्वतःचेच कौतुक वाटले.

फादरने कागद घेतले, वाचले, आणि "सर, शनिवारी तालमीला याल का?" एवढेच विचारले. वर्गात उत्तर ठाऊक असूनही हात वर न करणाऱ्यांपैकी तो होता, हे मला तेव्हा आठवायला हवे होते.

तालीम चर्चशेजारच्या खोलीत होती. सातआठ माणसे जमली होती. वाचायला उभ्या राहिल्या त्या पंचावन्नच्या आसपासच्या एक बाई. त्यांची फुलांची वाडी आहे. पहाटेच्या गाडीने फुलांची टोपली घेऊन त्या दादरला जातात. शाळा सातवीपर्यंत. पण गेली पंधरा वर्षे त्या चर्चमध्ये वाचन करतात. आधी त्यांनी बायबलमधला उतारा वाचून दाखवला, आणि तो इतका स्वच्छ, ठाय लयीत वाचला की आमच्या स्नेहसंमेलनातल्या सूत्रसंचालकांना मी त्यांच्याकडे शिकवणीला पाठवावे असे मला वाटले.

मग माझे वाक्य आले. 'ऐहिक'ला त्या अडखळल्या. 'इतिश्री' पार पडली. 'सान्निध्यात'पाशी दम संपला. तिथे श्वास घ्यायला मी जागाच ठेवली नव्हती. 'कृतांजली'ला त्या थांबल्या आणि मागच्या बाकावरून एका पोराने हळूच विचारले, "ही अंजली कोण?" सगळे हसले. मीही हसलो. बाई हसल्या नाहीत. त्यांनी वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचले, पुन्हा थांबल्या, आणि फादरकडे वळून आपल्या कादोडी बोलीत काहीतरी म्हणाल्या. त्यांच्या घरातली भाषा ती. आपली पुस्तकी मराठी ही त्यांना चर्चमधली आणि शाळेतली.

"काय म्हणाल्या?" मी विचारले.

फादर सांगायला तयार नव्हता. शेवटी बाईच माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "सर, राग मानू नका. सगळं चांगलं लिहिलंय. पण यात माझा मुलगा कुठं आहे, ते मला सापडत नाही."

त्यांचा सव्वीस वर्षांचा मुलगा त्या वैशाखात मोटरसायकलच्या अपघातात गेला होता. हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होते. मला नव्हते.

मी कागद परत मागून घेतला. काय बोललो ते आठवत नाही. बहुधा "दुरुस्त करतो" असे काहीतरी, पेपरावर शेरा मारावा तसे.

त्या रात्री मला माझ्या वडिलांचे दिवस आठवले. गुरुजी भराभर सांगत होते आणि मी ओला, कुडकुडत, त्यांच्यामागून म्हणत होतो. संस्कृत मला थोडेफार येते. पण त्या दिवशी त्यातला एकच शब्द माझ्यापर्यंत पोचला, तो म्हणजे वडिलांचे नाव. गोत्र आले, मग नाव आले, आणि इतका वेळ यंत्रासारखा चाललेला माझा आवाज तिथे फुटला. बाकीचे शब्द कळले नाहीत म्हणून ते निरुपयोगी होते काय? तसेही म्हणवत नाही. आजोबांसाठी वडिलांनी हेच शब्द म्हटले होते, आणि पणजोबांसाठी आजोबांनी. कळत नसलेल्या त्या शब्दांनी मला धरून ठेवले होते, आणि कळलेल्या एका शब्दाने रडवले होते. मग सोपे शब्द चांगले की जुने?

दुसऱ्या दिवशी हाच प्रश्न मी फादरला विचारला. तो मला एका पंच्याऐंशीच्या घरातल्या आजोबांकडे घेऊन गेला. मिस्सा लॅटिनमध्ये होत असे त्या काळी ते वेदीवर मदतनीस मुलगा म्हणून उभे राहत. आजही त्यांना ती लॅटिन उत्तरे पाठ आहेत. डोळे मिटून त्यांनी दोनतीन म्हणून दाखवली.

"आजोबा, याचा अर्थ कळत होता तुम्हाला?" मी विचारले.

"नाही," ते म्हणाले. "पण सगळे एकत्र म्हणत होतो ना. मराठी आली तेव्हा कळायला लागलं. कळायला लागलं तेव्हा भीतीही वाटायला लागली. आपण देवाला काय काय कबूल करत होतो, ते समजलं!"

परत येताना फादर म्हणाला, "सर, आमच्याकडे दोन तऱ्हेचे शब्द असतात. एक, मिस्साचे मुख्य शब्द. ते माझे नाहीत, गावाचे नाहीत. भाषांतर झालं, बिशपांनी पाहिलं, रोमनं मान्यता दिली, की ते सगळ्यांचे झाले. मला एखादा शब्द खटकला तरी मी तो बदलायचा नाही. कारण कोणीतरी म्हातारी तो शब्द धरून बसलेली असते. २०११ साली इंग्रजी मिस्साचं भाषांतर बदललं. धर्मगुरूंच्या अभिवादनाला लोक चाळीसेक वर्षं जे उत्तर देत होते, तेच बदललं. पुढं कित्येक महिने माणसं जुनं उत्तर देऊन जीभ चावत होती. आमेन, आलेलुया हे शब्द तर कोणी भाषांतर करायलाही गेलं नाही. आलेलुया आम्ही उपवासकाळात उच्चारतसुद्धा नाही. ईस्टरच्या रात्री तो परत येतो, तेव्हा लोक पाहुणा आल्यासारखे उठून उभे राहतात."

"आणि दुसऱ्या तऱ्हेचे?"

"तुम्ही लिहिलेत ते. त्या वेळेपुरते नवे, आणि वेळ झाली की विसरून जायचे. त्यांच्याबद्दल आमच्या नियमांत सांगितलंय की ते मोजके असावेत, संयमानं लिहिलेले असावेत, आणि साऱ्या समुदायाची प्रार्थना त्यांतून निघावी. आणि एक गंमत सांगू? वाचणारा जे वाचतो ती प्रार्थना नसतेच. ते निमंत्रण असतं. 'अमक्यासाठी प्रार्थना करू या,' एवढंच सांगायचं. प्रार्थना लोक करतात, उत्तरात किंवा गप्प राहून. तुमच्या वाक्यात गप्प राहायला जागा नव्हती, सर."

हे त्याने मला आधीच का सांगितले नाही, असे मी विचारले. तो म्हणाला, "तुम्ही माझे सर. तुमच्या वाक्यावर तांबडी रेघ मी कशी ओढू? म्हटलं, बाई वाचतील तेव्हा तुम्हालाच ऐकू येईल."

वीस वर्षे मी 'प्रसादगुण' शिकवतो आहे. विद्यार्थी त्याची व्याख्या लिहितात आणि मी पाचापैकी चार गुण देतो. वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याच वर्षी, २०२४च्या जुलैत वारले. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. बायबलचे मराठी भाषांतर करायला त्यांनी आयुष्याची कित्येक वर्षे घातली, आणि त्या मोठ्या ग्रंथाला नाव काय दिले, तर 'सुबोध बायबल'. सुबोध! तो ग्रंथ माझ्या कपाटात आहे. पाठीवरचे नाव मी रोज पाहत होतो, पण त्या नावातला उपदेश माझ्यासारख्यालाही लागू आहे, हे लक्षात यायला फुले विकणाऱ्या बाईंची गरज पडली.

मी पुन्हा लिहायला बसलो. गावकऱ्यांचे मूळ कागद पुढे ठेवले, आणि माझ्या ध्यानात आले की त्यांत फारसे दुरुस्त करण्यासारखे नव्हतेच. शुद्धलेखनाच्या दोनतीन चुका होत्या. एका ठिकाणी वाक्य लांबले होते, ते मी तोडले. शेवटच्या प्रार्थनेला मात्र मी हात लावला. ती अशी झाली:

"यंदा आपल्या घरांतून जी माणसे गेली, त्यांच्यासाठी प्रार्थना करू या. आपापल्या माणसाचे नाव आपण मनात घेऊ या."

आणि कंसात लिहिले, 'येथे थांबावे.' माझ्या साऱ्या लेखनात इतका उपयोगी कंस मी दुसरा घातलेला नाही.

त्या वर्षी २ नोव्हेंबरला नेमका पाडवा आला. संध्याकाळी पाच वाजता मी कपडे करून निघालो, तेव्हा सौभाग्यवती पाट मांडीत होत्या.

"आज? पाडव्याला? आणि दफनभूमीत?" त्या म्हणाल्या.

मी त्यांना बाईंची हकीकत सांगितली नव्हती. उंबऱ्याशी उभ्या उभ्या सांगितली. त्या काही बोलल्या नाहीत. आत गेल्या आणि सकाळी रांगोळीसाठी आणलेल्या झेंडूंतले उरलेले एका पिशवीत घालून माझ्या हातात दिले. "वेळेवर या," एवढेच म्हणाल्या.

रस्त्याला घराघरांवर आकाशकंदील लागले होते. दफनभूमीत शिरलो आणि क्षणभर वाटले, इथेही दिवाळीच आहे. प्रत्येक थडग्यावर फुले, प्रत्येक थडग्यावर दोनचार मेणबत्त्या, आणि त्यांच्या भोवती नव्या कपड्यांतली मुले वाऱ्यापासून हाताचा आडोसा करून बसलेली. कुठे आजी नातवाला सांगत होती, हे तुझे पणजोबा. फादर जांभळ्या झग्यात वेदीपाशी उभा होता. मी मागच्या भिंतीशी जागा घेतली.

प्रार्थनांची वेळ आली. बाई पुढे आल्या. त्यांनी एकेक निमंत्रण वाचले आणि लोकांनी एकेक उत्तर दिले. कागदावर मला किरकोळ वाटलेली ती ओळ शेकडो तोंडांतून एकदम निघाली, तेव्हा पायांखालची जमीन बोलते आहे असे वाटले. मग शेवटचे निमंत्रण आले. बाईंनी ते वाचले, आणि कंसात लिहिल्याप्रमाणे त्या थांबल्या.

किती वेळ थांबल्या, सांगता येत नाही. घड्याळात कदाचित अर्धा मिनिट असेल. लांब कुठेतरी फटाक्यांची माळ वाजली आणि संपली. बाईंचे ओठ हलले, ते मला दिसले. आवाज आला नाही. माझ्या शेजारच्या गृहस्थांचेही हलले. आणि मी, जो तिथे आपले वाक्य कसे वठते ते ऐकायला गेलो होतो, माझ्याही तोंडात माझ्या वडिलांचे नाव आले. मग बाईंनी मान वर केली, आणि लोकांनी उत्तर दिले.

मिस्सा संपल्यावर बाईंनी मला मुलाच्या थडग्यापाशी नेले. मी झेंडूची पिशवी पुढे केली. त्यांनी फुले हातात घेऊन पाहिली आणि म्हणाल्या, "बाजारातली दिसतात. आमच्या वाडीवर यायचं होतं, सर." फुलांच्या बाबतीतही माझे चुकलेच होते. पण त्यांनी ती ठेवून घेतली, आणि मोगऱ्याच्या शेजारी नीट लावली.

फादर फाटकापर्यंत पोचवायला आला. "सर, उपवासकाळाच्या प्रार्थना जानेवारीत येतील. पाठवू ना?"

"पाठव," मी म्हणालो. "पण तालमीला आधी बोलाव. लिहीन नंतर."

घरी पोचायला साडेआठ झाले. निरांजन तयार होते. सौभाग्यवतींनी ओवाळले, मी ताटात पाकीट टाकले. एरवी अशा वेळी मी काहीतरी बोलतो. भाषेचा माणूस, बोलल्यावाचून राहवत नाही. त्या दिवशी बोललो नाही.

"गप्पसे आज?" त्यांनी विचारले.

मी म्हटले, "थांबावे, असं लिहिलंय."

"कुठे लिहिलंय?"

ते सांगायला जेवण होईपर्यंत वेळ लागला. अनारसे मात्र त्या वर्षी फार चांगले झाले होते.